आईला ऐकू येत नाही

१६ जानेवारी
तालुका सिंदेवाही

चि. दिव्यानीस,

आशीर्वाद आहेतच, ते तू घे किंवा घेऊ नकोस.

तुझा फोन लागत नाही. म्हणजे माझ्या फोनवरून लागत नाही. तुझ्या आईच्या फोनवरून लागतो, शेजारच्या इतवारीच्या फोनवरूनही लागतो, हे मी करून पाहिले आहे. इतवारी सांगत होता, तू त्याच्याशी अर्धा तास बोललीस. तलावातल्या मरळीपासून त्याच्या गुडघ्यापर्यंत सगळ्याची चौकशी केलीस. माझे नाव निघताच मात्र 'रेंज जाऊन राह्यली भाऊ' म्हणालीस. 'जाऊन राह्यली.' पुण्यात सहा वर्षे काढून, एवढ्या मोठ्या कंपनीत काम करून.

आणि मला निरोप पाठवलास तो असा: 'आदरणीय बाबा, आपण निनादच्या घरी खरे सांगेपर्यंत मी गावी येणार नाही. तसदीबद्दल क्षमस्व.' छत्तीस वर्षांच्या नोकरीत एकाही विद्यार्थ्याने मला इतकी निर्दोष वाक्ये लिहून दाखवली नाहीत. वाचून अंगात कणकण आली.

घडले ते किती? डिसेंबरात तुझ्या होणाऱ्या सासरचे, निनादचे आईवडील, पुण्याहून घर बघायला आले. आजीची ओळख करून देताना मी म्हणालो, "आईला ऐकू येत नाही, त्यामुळे बोलणेही बंदच आहे." एका वाक्याचा मामला. दोन तासांची भेट, चहा-पोहे, पाहुणे गेले. आजी ऐंशीची आहे, नवख्या माणसांत दमते, तिला त्रास नको म्हणून म्हणालो. तिला आदल्या दिवशी समजावूनही सांगितले होते आणि ती 'हाव' म्हणाली होती. आता निनादच्या आईने महिन्याभराने तुला विचारले की हे बहिरेपण घराण्यातले आहे का, पुढे मुलाबाळांत उतरते का, तर त्याला मी काय करू? माणसे इतका पुढचा विचार करतील हे मला कसे कळावे?

खरी कटकट तुला ठाऊकच नाही. पाहुणे गेले, पण आजी बहिरीच राहिली आहे.

त्यांची गाडी फाट्यावर वळली तेव्हा मी तिला म्हणालो, "झाले आई, आता बोल." तिने माझ्याकडे पाहिले, गोड हसली आणि कानाला हात लावून मान हलवली. तेव्हापासून एक शब्द नाही. जेवलीस का विचारले, कानाला हात. औषध घेतलेस का, कानाला हात. मी आवाज चढवला की शेजारी डोकावतात आणि म्हणतात, "मास्तर, बहिऱ्या मानसावर काऊन वरडून राह्यले?" गावात प्रत्येक जण विचारतो की म्हातारीचे कान अचानक कसे गेले. मी थंडीमुळे असे सांगतो.

तू लहानपणी तिच्या मांडीवरून हलत नव्हतीस. तू आलीस तर ती बोलेल. मे महिन्यात लग्न आहे, त्याआधी हे मिटायला हवे. हट्ट पुरे. ये.

तुझे वडील,
मुकुंद शेंडे
(सेवानिवृत्त मुख्याध्यापक)


२१ फेब्रुवारी

चि. दिव्यानीस,

तू उत्तर देणार नाहीस हे गृहीत धरून मीच उपाय शोधला. कानाच्या डॉक्टरकडून आजीचे कान ठणठणीत असल्याचा दाखला घ्यायचा, तो निनादच्या वडिलांना पाठवायचा आणि वर लिहायचे की तात्पुरता त्रास होता, उपचाराने बरा झाला. कोणी खोटे ठरत नाही, कोणाचा अपमान नाही. मला अजूनही वाटते की उपाय चांगला होता.

तिला चंद्रपूरला घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होता, समजूतदार होता. त्याने आजीला काचेच्या खोलीत बसवले, कानांवर ते यंत्र लावले आणि खुणेने समजावले की आवाज आला की बोट वर करायचे. मी बाहेरून पाहत होतो. आजी पदर नीट करून बसली. दहा मिनिटे, वीस मिनिटे. दोन्ही हात मांडीवर. एकदा नाक खाजवले तेव्हा डॉक्टरने आशेने मान वर केली. बाहेर आला तेव्हा मला म्हणाला, "सर, तुम्ही फार उशीर केलात."

दाखला मिळाला. दोन्ही कान, तीव्र दोष, यंत्र लावण्याची शिफारस. खाली सही-शिक्का.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. मूल गावच्या स्टँडवर बसच्या पार मागच्या बाजूला एक बाई बोरे विकत होती, आणि ती ओरडत नव्हती, नुसती 'बोरं, बोरं' पुटपुटत चालली होती. आजीने गर्रकन मान वळवली आणि तिला हाताने बोलावले. हे मी डोळ्यांनी पाहिले. डॉक्टरने नाही पाहिले, त्याचा दाखला माझ्या खिशात होता. मग सिंदेवाही येईपर्यंत ती बोरे खात राहिली आणि बिया माझ्या हातावर ठेवत राहिली.

घरी आल्यावर तुझ्या आईला दाखला वाचून दाखवला. ती जी हसायला लागली ती अजून थांबलेली नाही. वर मलाच म्हणते, "तुमीच सांगतलं ना जी चूप राहा म्हनून? राह्यली. आता सहीशिक्क्यानं राह्यली."

या घरात एकही माणूस माझ्या बाजूचा नाही.

ठीक आहे, त्रास नको म्हणून नाही सांगितले मी. तुला ते माहीत आहे म्हणून तर तू रागावलीस. मला भीती वाटली. निनादचे वडील किती मोजके बोलतात, आई किती स्वच्छ बोलते. आजी त्यांच्या शेजारी बसणार आणि "कां व बाई, तुमच्या इथी मासोऱ्या खातेत का?" असे काहीतरी विचारणार, आणि ते एकमेकांकडे पाहणार. ते पाहणे मला सहन झाले नसते.

तू निनादला सांगितलेस म्हणे, की दुसरीत असताना 'मले' म्हणालीस म्हणून मी तुला वर्गाबाहेर उन्हात उभे केले. केले. सगळ्यांनाच करत होतो. स्वतःच्या मुलीला सोडले असते तर गावाने नावे ठेवली असती. त्या दिवशी आजी माझा डबा घेऊन शाळेत आली होती. तिने तुला पाहिले, डबा पायरीवर ठेवला आणि शाळा सुटेपर्यंत तुझ्याशेजारी उभी राहिली. मला वर्गातून तुम्ही दोघी दिसत होता. मी पाढे घेत होतो.

आता एक सांगतो. ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाही, तुझ्या आईलाही नाही. मी डी.एड.ला पुण्याला होतो. पहिल्याच आठवड्यात वर्गात हात वर करून म्हणालो, "सर, मले फळ्यावरचं दिसून नाई राह्यलं." वर्ग हसला. सरांनी मला उभे केले आणि पुन्हा म्हणायला लावले. मग पलीकडच्या वर्गातल्या मुलांना बोलावून त्यांच्यासमोर म्हणायला लावले. पुढचे अख्खे वर्ष मला नाव नव्हते. जेवणाच्या पंगतीत, खेळात, सगळीकडे मी 'मले' होतो. सुट्टीत घरी आलो तो मुखरूचा मुकुंद होऊन आलो, कागदोपत्री. आणि ठरवले की माझ्या शाळेतल्या एकाही पोरावर ही वेळ येऊ द्यायची नाही.

म्हणून शिकवले मी. कोणाला हसू येऊ नये म्हणून. त्याबद्दल आता मला घरात आणि पुण्यात आरोपीसारखे उभे केले जाते आहे.

दाखल्याचे काय करावे ते सुचव.

तुझे वडील,
मुकुंद शेंडे


९ एप्रिल

दिव्यानीस,

आज तलावावर जे झाले ते इतवारी तुला फोन करून सांगणारच, तिखटमीठ लावून. त्याआधी माझ्याकडून ऐक.

वाटणीची पद्धत तुला माहीत आहे. मोठे रोहू-कतले संस्थेमार्फत बाजारात जातात आणि बारीक मासळीचे तलावाच्या बांधावर, पारीवर, पळसाच्या पानांवर घरटी एक असे ढीग लागतात. कोणता ढीग कोणाचा यावर भांडण नको म्हणून एक जण ढिगांकडे पाठ करून बसतो. दुसरा एकेका ढिगावर काठी टेकवून विचारतो, 'हा कोनाचा?' पाठमोरा माणूस न बघता घराचे नाव घेतो. नाव निघाले की तो ढीग त्या घराचा, लहान असो की मोठा. आपल्या घराचे नाव सगळ्यांत शेवटी. गेली तीसेक वर्षे पाठमोरी तुझी आजीच बसते.

मार्चच्या वाटणीला तिला कोणी बोलावलेच नाही. बहिऱ्या माणसाला 'हा कोनाचा' कसे ऐकू येणार? इतवारी बसला. दोन घरांनी आरोप केला की तो मान वळवून पाहत होता. चिचेखालच्या आणि बोडीवाल्या घरांनी एकमेकांची गचांडी धरली, मासळी पायाखाली गेली. अजून त्यांचे बोलणे नाही. म्हणून काल इतवारी माझ्याकडे आला. "मास्तर, तुमी बसा. शिकले-सवरले मानूस. तुमच्यावर कोनी वहीम घेनार नाई."

मी बसलो. खोटे कशाला सांगू, बरे वाटले. निवृत्तीनंतर गावाने पहिल्यांदा काहीतरी मागितले होते.

आजी आली होती. बायांमध्ये बसली होती, कानाला पदर लावून.

इतवारीने काठी टेकवली. "हा कोनाचा?"

मी खणखणीत आवाजात म्हणालो, "श्री. दामोदर केशव मांढरे."

कोणी उठले नाही. मी पुन्हा म्हणालो. मागे कुजबुज. दामोदर कोण, असे लोक एकमेकांना विचारत होते आणि त्यांत स्वतः दामोदरही विचारत होता. मग कोणीतरी म्हणाले, "आबे डोमा, तूच त होय. शाळेत तुहं नाव थेच होतं." हशा झाला. डोमा ढीग घेऊन गेला.

दुसरा ढीग. "आदित्य मोतीराम." ढीग कोणी उचलेना; काठी धरलेल्या इतवारीलाही हे आपलेच नाव हे कळेना. पहिलीत दाखल करताना त्याचे नाव मी आदित्य लिहिले होते. त्याच्या बापाने सांगितलेले इतवारी मला बरे वाटले नव्हते. तिसरा, चौथा. दाखल-खारीज रजिस्टर मला तोंडपाठ आहे, दिव्यानी. पंचेचाळिशीच्या आतल्या बहुतेकांची नावे माझ्याच हातची, सुधारून लिहिलेली. मी ती घेत होतो आणि माझ्या पाठीमागे त्या नावाचे कोणी नव्हते. पाचव्या ढिगाला एका नावावर दोन घरे उठली. सहाव्याला बोडीवाला म्हणाला, "मास्तर मुद्दाम करून राह्यले." चिचेखालच्याने शिवी दिली. मी पाठमोराच होतो. वळायचे नाही हा नियम आहे. मला काही दिसत नव्हते, फक्त आवाज वाढत चाललेला ऐकू येत होता आणि घरांना लोक काय म्हणतात ते मला एकही आठवेना. साठ वर्षे इथे राहून.

मग कोणीतरी माझ्या खांद्याला धक्का दिला.

"सरक, मुखरू."

चार महिन्यांनी पहिला शब्द. ती माझ्याशेजारी खाली बसली, ढिगांकडे पाठ, तोंड गावाकडे. पारीवरचा गलका थांबला आणि पाणबुड्या पाखरांचा आवाज यायला लागला. मागे इतवारीची काठी पानावर वाजली. "हा... हा कोनाचा जी, बाई?"

"चिचेखालच्याईचा," आजी म्हणाली.

"हा?"

"बोडीवाल्याचा."

"हा?"

"दोन भावाईचा. अन् थो मंगाचा डोमाचा ठीक होता, राहू द्या."

चौतीस घरे. कुठे थांबली नाही, कुठे अडली नाही. प्रत्येक जण नावानिशी उठला आणि आपला ढीग घेऊन बसला. मी तिच्या बाजूला मांडी घालून बसलो होतो, उठावे की बसावे कळत नव्हते.

शेवटी एकच ढीग राहिला. इतवारीने सवयीप्रमाणे विचारले, "हा कोनाचा?"

दर वाटणीला ती म्हणते, 'माहा.' आज म्हणाली, "मास्तरचा." गुडघ्यावर हात टेकून उठली आणि माझ्याकडे न बघता बायांबरोबर निघून गेली.

ढीग मी घरी आणला. चांगला मोठा होता. तुझ्या आईने रस्सा केला. आजी जेवली नाही. सगळ्यांशी बोलते आहे, शेजारणीला हाका मारते आहे. माझ्याशी नाही.

मी एवढा वैतागलो आहे की कोणावर ते मला समजेनासे झाले आहे.

मुकुंद


१२ एप्रिल

दिवे,

काल सकाळी ओसरीवर बसून निनादच्या वडिलांना फोन केला. तुझी आई दारात उभी होती, आजी सुपात तांदूळ पाखडत होती. मी आधी वाक्ये कागदावर लिहून घेतली होती, पण चष्मा आत राहिला. म्हणून तसाच बोललो. म्हणालो, "माझ्या आईला चांगले ऐकू येते. तिच्या बोलण्याची मला लाज वाटली म्हणून मी तुमच्याशी खोटे बोललो. दिव्यानीला तेव्हा यातले काही माहीत नव्हते."

ते एवढेच म्हणाले, "घरी विचारून कळवतो."

संध्याकाळी निनादच्या आईचा फोन आला. त्या रागावलेल्या होत्या आणि त्यांनी राग लपवला नाही. महिनाभर आपण डॉक्टरांना विचारत फिरलो, म्हणाल्या. तुमच्या मुलीत काही खोट नाही, पण तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा? मी म्हणालो, ठेवू नका. त्या म्हणाल्या, लग्न ठरल्याप्रमाणे होईल, मात्र यापुढचे सगळे त्या तुझ्याशी आणि तुझ्या आईशी बोलतील, माझ्याशी नाही. मी हो म्हणालो. शेवटी त्यांनी आजीला फोन द्यायला सांगितले.

मी अंगणात गेलो. आत काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. वीस मिनिटे चालले. "काय म्हनता जी?" आणि "पुन्ना सांगा, समजलं नाई" हे दोनतीनदा ऐकू आले, पण ते हसत म्हटलेले होते. पलीकडूनही तसेच चालले असावे.

फोन ठेवून ती बाहेर आली आणि मला म्हणाली, "मुखरू, कागद घे. पोट्टीले चिठ्ठी लिवाची हाय." अट अशी की मी सांगते तसेच लिहायचे, एक अक्षर इकडेतिकडे नाही. तिला वाचता येत नाही, म्हणून तुझ्या आईला शेजारी बसवले आणि लिहिलेले मोठ्याने वाचायला लावले. पहिल्या कागदावर माझ्या हातून दोन शब्द सुधारले गेले. मुद्दाम नाही, हात तसाच वळतो. आजी म्हणाली, "हे मी बोल्ली नाई. फाड." दुसऱ्यात एक सुधारला गेला. तोही फाडला. हा तिसरा. खालचे सगळे तिचे आहे.

'दिवे, मी रंभा, तुही आजी. माहे कान चांगले हायेत. तुह्या बापानं एका दिवसासाठी चूप राहा म्हनलं. मले राग आला, मी चार महिने राह्यली. डाक्टरच्या त्या डब्यात लय टीवटीव आयकू येत होती, मी बोट नाई उचललं.

चूप राह्यलं का लोक आपल्यासमोर सारंच बोलतेत. बहिरी हाय म्हनून कोनी थांबत नाई. तुह्या मायनं तुह्या बापाले काय काय म्हनलं थे नाई सांगत. पन एक सांगतो. तुहा बाप दुपारी झोपते ना, तवा झोपेत बोलते. आपल्याच बोलीत बोलते. "मले उभं नोका करू जी," असं म्हनते. रोज म्हनते. आदी बोलत होती तवा मले हे कवाच आयकू नाई आलं.

तुले उन्हात उभं केलतं तवा मी आली होती. याले कोनी उभं केलतं थे मले माहीत नाई. तवा मी नव्हती. म्हनून तलावावर त्याच्याजवळ जाऊन बसली. माहा राग अजून गेला नाई. तुहाही राहू दे. पन बापाचा फोन उचलत जाजो. लग्नात मी गाने म्हनीन. कोनी मले चूप कराले येऊ नोका.'

आजीचे संपले.

लिहिताना मी मध्येच थांबलो होतो. मी झोपेत बोलतो हे मला मान्य नव्हते. म्हातारपणी माणसाला भास होतात, असे मी म्हणालो. आणि आधार म्हणून तुझ्या आईकडे पाहिले.

ती कागद हातात धरून बसली होती. म्हणाली, "लिवा तुमी. मले लग्न झाल्यापासून माहीत हाय."

तुझा बाप,
मुखरू